खाजणदेवाचा परवाना

हरेश्वर कवळे यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हे त्यांना विचारावं लागत नाही, ते आपणहून सांगतात. लग्नाच्या पंगतीत सांगतात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतात, आणि एकदा अलिबागला दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना, तोंडात कापसाचे बोळे असताना, सांगायचा प्रयत्न केला होता. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी नोकरी काढली, पण सुपारीचं खांड कधी तोंडात गेलं नाही. चहा पितात तोसुद्धा बिनसाखरेचा. आणि अशा या माणसाच्या नावावर आज तिवरखार गावातला दारू पिण्याचा एकमेव सरकारी परवाना आहे. गावात पिणारे कमी आहेत असं नाही, देवाच्या दयेने भरपूर आहेत; पण कायद्याने, शिक्क्यानिशी, उजळ माथ्याने पिऊ शकणारा माणूस एकच, कवळे भाऊ. हे कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे.

तिवरखार हे मांडव्याहून अलिबागला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, खाडीच्या कडेला. एका अंगाला खाजणातली, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीतली भातशेती, एका अंगाला मुंबईकरांचे बंगले. कवळ्यांचं घर आतल्या रस्त्यावर, आणि बरोबर समोर रावजीचं. दोघे शाळेपासूनचे सोबती. एक शिकला आणि अलिबागला कारकून झाला, दुसरा नाही शिकला आणि खाजणात शेती करत राहिला. पण रोज संध्याकाळी रावजी रस्ता ओलांडून कवळ्यांच्या ओट्यावर यायचा, भाऊंच्या पत्नी केसरवहिनी दोन चहा आणायच्या, एक साखरेचा आणि एक बेचव. रावजी विडी पेटवायचा. हरेश्वर भाऊ विडीच्या दुष्परिणामांवर बोलायला लागायचे. विडी संपली की व्याख्यान संपायचं, मग दोघे गावावर बोलायचे. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि पुढेही तसंच चाललं असतं, पण ग्रामपंचायतीच्या फलकावर एक नोटीस लागली.

त्या फलकावरच्या नोटिसा गावात दोघंच वाचतात. एक हरेश्वर भाऊ आणि दुसरी पंचायतीमागची शेळी. शेळी वाचून झाल्यावर खाते. या वेळी भाऊ आधी पोहोचले. नोटीस अशी, की श्री. हर्षद रावजी यांनी नाक्यावरच्या गाळ्यात बिअर शॉपी काढण्यासाठी ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखला मागितला आहे, तरी कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी, ग्रामसभेत निर्णय होईल.

भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हर्षद म्हणजे रावजीचा मुलगा. वाशीला कुठल्याशा कंपनीत होता, कंपनी गेली, पोरगा गावी आला. ते ठीक. पण आदल्याच संध्याकाळी रावजी ओट्यावर बसून तासभर चवळीवर बोलत होता. चवळी यंदा कशी लागली, चवळीला मावा कसा पडला, चवळीचा भाव. आणि बिअरबद्दल चकार शब्द नाही!

"अहो, मग जाऊन बोला की भावजींशी," केसरवहिनी म्हणाल्या.

"मी कशाला बोलू? त्याने विचारायला हवं होतं मला. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे मी गावाचा. शेजारी आहे. मित्र म्हणायचं तर तेही आहे."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"तो प्रश्नच नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि पाहुण्यांच्या चादरी वाळत घालायला गेल्या. वहिनींनी मागच्या दोन खोल्या मुंबईकरांना द्यायला सुरुवात केली होती. खरं सांगायचं तर वहिनींची काडीची हरकत नव्हती. दर शनिवारी मांडव्याच्या जेट्टीवरून येणारी पोरं बॅग खाली ठेवायच्या आत विचारायची, "आंटी, इधर बिअर किधर मिलेगी?" आणि भाऊ त्यांना नीरा किती गुणकारी असते ते मराठीत समजावून सांगायचे. त्यातली निम्मी पोरं पुन्हा येत नसत.

तर भाऊंनी हरकत घ्यायची ठरवली. तंटामुक्तीच्या अध्यक्षानेच तंटा काढला असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, "हा तंटा नाही. ही हरकत आहे." गावाने मान डोलावली आणि त्या दिवसापासून सगळे विचारायला लागले, तंटा कुठवर आला?

आता मदतीला माणसं काय, बोलवावी लागत नाहीत. पहिल्या आल्या धोंडूबाई. धोंडूबाई म्हणजे महिला बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या आवाजाला खाडीपलीकडची कुत्री उठतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, कागद-बिगद काय लिवता? बाटली आडवी करू! बायांचं मतदान लावा, उभी बाटली का आडवी बाटली. आमी समद्या आडवीवर शिक्का मारतो, इषय संपला!" भाऊंना कल्पना पटली. दोघं मिळून ग्रामसेवकाकडे गेले. ग्रामसेवकाने शांतपणे सांगितलं की ते मतदान आधीपासून चालू असलेलं दुकान बंद करण्यासाठी असतं. अजून दुकान उघडलेलं नाही, म्हणजे बाटली अजून उभीच राहिलेली नाही. आधी दुकान उघडू द्या, मग रीतसर आडवी करा.

"म्हंजे आधी पोराला पिऊ द्यायचं आन मंग मारायचं?" धोंडूबाई म्हणाल्या.

"नियमात तसंच बसतं," ग्रामसेवक म्हणाला.

नियम म्हटल्यावर भाऊ विरघळले. त्यांनी नियमच काढायला सांगितले आणि तिथे त्यांना हवं ते सापडलं. दुकान शाळेपासून किंवा देवळापासून पंच्याहत्तर मीटरच्या आत नको. भाऊ आनंदाने नाक्यावर गेले आणि चारी दिशांना बघून आले. शाळा मागेच गावाबाहेर नव्या इमारतीत गेली होती. मारुतीचं देऊळ पार पलीकडच्या आळीत. जवळपास होता तो एकच, खाजणदेव.

खाजणदेव म्हणजे, नाक्यावरून खाजणाचा बांध सुरू होतो तिथे उंबराखाली असलेला, शेंदूर फासलेला एक गुडघाभर दगड. गावाचा राखणदार. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरू नये हे बघणं त्याचं काम, आणि ते काम तो चोख करतो असं सगळं गाव मानतं. त्या बदल्यात दर अमावास्येला त्याला मान द्यायचा. भाऊंचं आजवर या देवाशी फारसं पटलेलं नव्हतं. नोकरीत असताना त्यांनी पंचायतीला एक अर्जही केला होता की बांधाची राखण हे पाटबंधारे खात्याचं काम आहे. पण गरज पडली की माणसाला देव दिसतो. भाऊंनी हरकतीच्या अर्जात लिहिलं, "सदर जागेलगत श्री खाजणदेव हे अतिप्राचीन व जागृत देवस्थान असून तेथे पूजाअर्चा होते व परंपरेने मान दिला जातो." लिहून झाल्यावर ते वाक्य त्यांनी वहिनींना दोनदा वाचून दाखवलं. विशेषतः 'परंपरेने मान दिला जातो' हा भाग त्यांना फार भारदस्त वाटला. खाली सही केली, 'अध्यक्ष, श्री खाजणदेव देवस्थान समिती'. समिती अजून नव्हती. पण अध्यक्ष झाला की समिती काय, होतेच.

त्या संध्याकाळी रावजी ओट्यावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी सवयीने दोन चहा आणत होत्या आणि साखरेचा चहा गार होऊन तुळशीपाठच्या अळूला जात होता.

मग दारूबंदीवाल्या मॅडम आल्या. खात्याचं खरं नाव राज्य उत्पादन शुल्क, पण गावात त्याला अजून दारूबंदीच म्हणतात, म्हणजे दारूचा परवाना हवा असेल तर दारूबंदीत जायचं. निरीक्षक सोनल मॅडम तरुण होत्या, फार बोलत नव्हत्या. बरोबर दोन शिपाई, लांब टेप आणि पंचनाम्याचे कागद. अर्धं गाव जमलं. एका बाजूला हर्षद आणि त्याच्यामागे खाली बघत उभा रावजी, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि धोंडूबाई.

"दुकानाचा दरवाजा हा," मॅडम म्हणाल्या. शिपायाने टेपचं टोक तिथे धरलं. दुसरा शिपाई टेप सोडत उंबराखाली गेला. "देवळाचा दरवाजा कुठे आहे?"

देवाला दरवाजा नव्हता. भिंतही नव्हती.

"मॅडम, देवाच्या अंगापासून मोजा," भाऊ म्हणाले.

"नियमात प्रवेशद्वार लिहिलंय."

"मग देवाच्या तोंडापासून मोजा!" धोंडूबाई म्हणाल्या.

यावर वाद पेटला, की देवाचं तोंड कुठल्या बाजूला. शेंदूर सगळीकडून सारखाच फासलेला. कोणी म्हणे रस्त्याकडे, कोणी म्हणे खाडीकडे. हर्षद म्हणाला, "मॅडम, मेन म्हणजे हे टेम्पल आहे का? ओपन प्लॉटमधला दगड आहे हा." हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्याने पटकन दगडाला हात जोडले. मॅडमनी दोन ओळी लिहिल्या, 'प्रवेशद्वार आढळून आले नाही. निश्चित करून कळवावे,' आणि गाडीत बसून गेल्या.

आता देवाला दरवाजा करणं आलं. दरवाजा म्हटला की चौकट आली, चौकट म्हटली की भिंत नाही तर निदान खांब आले, खांबांवर पत्रा आला. तिवरखारमध्ये घर बांधताना जेवढे सल्ले मिळत नाहीत तेवढे त्या आठवड्यात भाऊंना मिळाले. एकाने सांगितलं पत्रा लाल हवा. दुसऱ्याने सांगितलं राखणदाराला छप्पर चालत नाही, त्याला चौफेर दिसलं पाहिजे, नाही तर राखण कशी करणार? मग पत्रा अर्धाच घातला. उंबर तोडायला निघालेल्या एका उत्साही माणसाला धोंडूबाईंनी झाडाखालीच असं झापलं की तो आठवडाभर त्या वाटेने गेला नाही.

आणि सगळ्यात मोठा पेच फाटकाचा. मारुतीच्या देवळातले सीताराम गुरव मत द्यायला आले आणि म्हणाले, देवाचं तोंड खाडीकडेच. तो राखणदार, खाडीवर डोळा ठेवून बसलेला. फाटक खाडीच्या बाजूनेच पाहिजे. भाऊंनी मनात हिशेब केला. खाडीच्या बाजूने फाटक म्हणजे वळसा घालून मोजावं लागणार, पंच्याहत्तरच्या पार जाणार, आणि एवढा सगळा खटाटोप करून आपणच हर्षदचं दुकान उघडून देणार.

"गुरव, देवाला विचारून बघा ना," भाऊ हळूच म्हणाले. "रस्त्याकडून फाटक चालेल का म्हणावं."

म्हणजे कौल लावायचा. जन्मभर कौलाला अंधश्रद्धा म्हणणारा माणूस हात जोडून उभा राहिला. गुरवांनी दगडाला ओल्या कळ्या चिकटवल्या, डाव्या-उजव्या, आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच पडेना. मग शेजारून वाळूचा डंपर धडधडत गेला आणि उजवी कळी टपकन पडली. देव राजी झाला. हर्षदचं म्हणणं होतं की कौल डंपरने दिला, पण कौलावर अपील नसतं.

फाटक मात्र तयार नव्हतं, आणि मॅडम तर येणार होत्या. तेव्हा भाऊंनी स्वतःच्या घराचं फाटक उचकटून देवाला बसवलं. त्यावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती ती काढली, पण खिळ्यांची भोकं राहिली. इकडे घर उघडं पडलं. रावजीची म्हैस रोज फाटकापर्यंत येऊन आदबीने परत फिरायची, ती त्या दिवशी आत आली, वहिनींचा माठाचा वाफा साफ केला आणि पाहुण्यांच्या गाडीला पाठ घासत उभी राहिली. पाहुण्यांनी खोलीबाहेर यायला नकार दिला.

"मुद्दाम पाठवली रावजीने," भाऊ म्हणाले.

"अहो, म्हशीला बिअर शॉपीचं काय पडलंय?" वहिनी म्हणाल्या. "ती रोज येते. बांधायला रावजी भावजी येतात मागनं. आज आले नाहीत."

म्हैस पुष्कळ वेळ तशीच उभी होती. अखेर हर्षद आला आणि काही न बोलता तिला घेऊन गेला.

दुसरी मोजणी झाली आणि टेप पंच्याहत्तरच्या आत राहिली, जेमतेम हातभर. भाऊंना आकाश ठेंगणं झालं. आता फक्त ग्रामसभा. सरपंच साक्षीताई वयाने लहान पण सभा चालवायला खमक्या. शाळेच्या जुन्या हॉलमध्ये सगळं गाव बसलेलं. सोनल मॅडमही आल्या होत्या. त्यांनी भाऊंचा अर्ज उघडला.

"फाटक आहे, अंतरही आत आहे. आता फक्त नित्य पूजा होते का ते बघायचंय. तुम्ही लिहिलंय, परंपरेने मान दिला जातो. मान म्हणजे काय?"

गुरव छताकडे बघायला लागले. ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं.

"मान म्हणजे..." भाऊ म्हणाले, "सन्मान. आदर."

"आदर कसा देतात?"

"मनोभावे देतात."

"म्हणजे काय देतात?" मॅडमनी विचारलं.

भाऊंची पंचाईत झाली. खोटं बोलायची सवय नाही, आणि खरं बोलायची सोय नाही. इतक्यात धोंडूबाईंना राहवलं नाही. "बाटली देत्यात, बाय! काय त्यात लाजायचं? एक विडी आन एक बाटली. दर आवसेला. माझा आजेसासरा देत व्हता, आमी देतो."

हर्षद ताडकन उभा राहिला. "मॅडम, बघा ना! देवळापासून पंच्याहत्तर मीटरमध्ये दारू नको म्हणतात. आणि देवळाच्या आतच चालू आहे. मग माझ्या दुकानाला काय प्रॉब्लेम आहे?"

हॉलमध्ये असा हशा पिकला की बाहेरची शेळी पळाली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाटली कुठून येते?"

बाटली कुठून येते हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती मागच्या खाजणातून यायची, तिच्यावर लेबल नसायचं, आणि ती गाळणारे गृहस्थ सभेतच दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी हळूच टोपी डोळ्यांवर ओढली.

साक्षीताई म्हणाल्या, "मग मान बंद करू या. नारळ देऊ. प्रश्न मिटला."

आणि तिवरखारच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळं गाव एका बाजूला झालं. एका साली मान चुकला तेव्हा बांध कसा फुटला होता आणि किती शेतं खारी झाली, ते सगळे एकदम सांगायला लागले. आणि सगळ्यांच्या वर धोंडूबाई, "दुकान न्हाय पायजे म्हंजे न्हायच पायजे! पण देवाचा मान बंद करनारी कोन तू? उद्या पानी शिरलं तर तू उपसशील?"

मॅडमनी हात वर केला. "शांत राहा. देवस्थान मान्य, म्हणून नाक्यावरचं दुकान नामंजूर करायला हवं. मान द्यायचा असेल तर माझी हरकत नाही. पण बाटली अधिकृत हवी आणि ती बाळगणाऱ्याकडे परवाना हवा. मद्यसेवन परवाना. तो देवाच्या नावे मिळत नाही, माणसाच्या नावे मिळतो. समितीचे अध्यक्ष कोण?"

सगळ्या माना एकदम भाऊंकडे वळल्या.

"पण मी घेत नाही," भाऊ म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मॅडम, मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो."

"घेऊ नका. बाळगा फक्त."

"दुसरं कोणी... म्हणजे गावात अनुभवी माणसं आहेत."

पण अनुभवी माणसांना कागदावर नाव नको होतं. ग्रामसेवकाने ठराव लिहिला, दुकान नामंजूर आणि परवाना भाऊंच्या नावे. सूचक धोंडूबाई, अनुमोदक सगळं गाव. भाऊ जिंकले होते, आणि घरी जाताना लोक त्यांना बघून तोंड फिरवून हसत होते. अशा जिंकण्याचं काय करायचं हे त्यांना कळेना.

परवान्याचा अर्ज मोबाईलवर भरायचा असतो. भाऊंना ते जमेना, आणि ज्याला जमतं असा आळीत एकच, हर्षद. तो न बोलावता आला. त्याने भाऊंचं आधार कार्ड घेतलं, फोटो काढला.

"काका, ओटीपी आला का? बरं. आता इथे विचारतायत, परवाना कशाला हवा. प्रकृती स्वास्थ्यासाठी, असं आहे. देवासाठी असं ऑप्शन नाही."

"टाक. माझी प्रकृती बिघडलीच आहे."

"आणि किती दिवसांचा? एक दिवस, एक वर्ष, का आजीवन?"

भाऊंमधला हेडक्लार्क क्षणभर जागा झाला. काम करायचं तर पक्कं करावं. "देव काय एक दिवसाचा आहे का रे? आजीवन टाक."

हर्षदने टाकलं. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "काका, राग नाही माझा. मला काही तरी करायचं होतं गावात राहून. बाबा एकटे पडतात." भाऊंनी मान हलवली. त्यांना विचारायचं होतं, रावजी कसा आहे. समोरच्या घरातला माणूस कसा आहे हे त्याच्या पोराला कसं विचारणार? त्यांना फार करमेनासं झालं होतं. विडीचा वास नाही म्हणून ओट्यावर बसवत नव्हतं, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं असतं तर गावाने त्यावरही ठराव केला असता.

महिनाभराने फलकावर दुसरी नोटीस लागली. या वेळी शेळी आधी पोहोचली होती, खालचा कोपरा गेलेला होता, पण मुख्य मजकूर शाबूत होता. हर्षदने जागा बदलली होती. पंच्याहत्तर मीटरच्या बाहेर, नियमात बसणारी, देवळापासून लांब, शाळेपासून लांब. रावजीच्या घराची पुढची पडवी. म्हणजे भाऊंच्या ओट्याच्या बरोबर समोर.

"तुम्ही देव मधे घातला नसतात तर दुकान नाक्यावर राहिलं असतं," केसरवहिनी म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "आता बघत बसा ओट्यावरनं."

पुन्हा ग्रामसभा. धोंडूबाईंनी आधीच जाहीर करून टाकलं की दुकान उघडलं की दुसऱ्या दिवशी बायांचं मतदान मागणार, त्यामुळे आता उघडायला त्यांची हरकत नाही, उलट घाई आहे. सोनल मॅडमनी अर्ज वाचला. साक्षीताईंनी विचारलं, "कोणाची हरकत?"

सगळे भाऊंकडे बघत होते. भाऊंच्या पिशवीत हरकतीचा अर्ज होता. पार्किंग, रहदारी, पाहुण्यांची झोपमोड, तंटामुक्ती, सगळं मुद्देसूद लिहिलेलं. समोर रावजी आपल्या चपलांकडे बघत बसला होता. भाऊ उठले. अर्ज काढला. मग पुन्हा पिशवीत ठेवला.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. "मला आधी विचारलं नाही."

"हा काय मुद्दा झाला का?" मागून कोणीतरी म्हणालं.

"हाच मुद्दा आहे. पहिल्यापासून हाच आहे. तासभर चवळीवर बोलत होता हा माणूस माझ्याशी!"

रावजी हळूहळू उभा राहिला. सभेत बोलायची त्याला सवय नव्हती. "इचारनार व्हतो," तो म्हणाला. "रोज तोंडाशी येत व्हतं. पण तू न्हाय म्हनला असतास तर पोराला काय सांगू? आन व्हय म्हनला असतास तर गावानं तुला नावं ठेवली असती, कवळे भाऊंनी दारूचं दुकान काढलं. तुझा मान काय, तो माला म्हायती न्हाय का? मंग काय करू? चवळीवर बोललो." तो भाऊंकडे वळला. "आता इचारतो. हरेश्वरा, पोरगा दुकान घालतोय. घालू द्यू का?"

भाऊ खाली बसले. त्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला. ग्रामसेवक पेन उघडून वाट बघत होता.

"लिही," भाऊ त्याला म्हणाले.

दुकान उघडलं तो दिवस अमावास्येचा. मुद्दाम नव्हे, पण लोक म्हणाले देवानेच ठरवलं. संध्याकाळी भाऊ कापडी पिशवी आणि परवाना घेऊन रस्ता ओलांडून गेले. सीताराम गुरवांनी सकाळीच कौल लावून घेतला होता, की गावठीऐवजी बिअर चालेल का. उजवी कळी लगेच पडली. कदाचित देवालाही बदल हवा असेल.

काउंटरवर हर्षद होता. मागे खुर्चीवर रावजी. ओट्यावरून वहिनी आणि त्यांचे मुंबईचे पाहुणे बघत होते. धोंडूबाई रस्त्यात थांबल्या होत्या, मतदानासाठी पुरावा गोळा करत.

"काका, परवाना?" हर्षदने हसू दाबत विचारलं.

भाऊंनी ताठ मानेने परवाना पुढे केला. हर्षदने तो नीट वाचला. त्यानंतर त्या दुकानात परवाना कोणी मागितला नाही आणि कोणी दाखवला नाही, ही गोष्ट वेगळी. त्याने फ्रिजमधून बाटली काढली.

"गार नको," मागून रावजी म्हणाला. "देव उघड्यावर बसतो. सर्दी व्हईल."

साधी बाटली पिशवीत गेली. भाऊंनी पिशवी छातीशी धरली आणि वळले.

"थांब," रावजी म्हणाला. "देवाचा मान घेतलास. तुझा न्हाय का न्यायचा?"

त्याने स्टुलावरचं झाकण काढलं. खाली दोन कप होते, वाफाळते. रावजीने बाकड्यावर सरकून जागा केली आणि विडी पेटवली. भाऊ विडीबद्दल काही तरी बोलायला गेले, पण तसेच बसले. पिशवी मांडीवर ठेवून त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर घातलीस?"

"घातली. हरकत हाय?"

भाऊंनी जन्मात पहिल्यांदा रावजीच्या भाषेत उत्तर दिलं.

"न्हाय."